ओडिसी ऑफ द माइंड: बेळगाव-खानापूर-निपाणीच्या शाळांनी यातलं काय घ्यावं, काय सोडावं

ओडिसी ऑफ द माइंड ही शाळकरी संघांची कल्पकतेची स्पर्धा चांगली आहे का, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: आहे. आपल्या भागातल्या शाळेला ती झेपते का, हा खरा प्रश्न आणि हे परीक्षण मुख्यतः त्याचंच. सीमाभागातल्या मराठी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, प्रतिभा कारंजी ही कर्नाटकातली शालेय कलागुणांची स्पर्धा होते, इन्स्पायर या केंद्राच्या विज्ञान योजनेसाठी एखादं मॉडेल जातं. यात बहुतेकदा मूल एकटं असतं आणि बऱ्याचदा त्याच्या मागे एक काका, एक सर आणि एक स्टेशनरीचं दुकान असतं. ओडिसीत नेमकं हेच चालत नाही. या स्पर्धेचा सगळा दम बाहेरची मदत न घेण्याच्या त्या एका नियमात आहे, आणि आपल्याकडे ती फसते तीही तिथेच.

आधी ओळख. अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या ग्लासबरो स्टेट कॉलेजात, म्हणजे आजच्या रोवन विद्यापीठात, सॅम मिक्लस नावाचे प्राध्यापक औद्योगिक डिझाइन शिकवायचे. चाकाशिवाय चालणारी गाडी बनवा, तळं पार करून नेणारी वस्तू बनवा, असली कामं ते विद्यार्थ्यांना द्यायचे आणि यशापेक्षा कल्पनेच्या धाडसाला गुण द्यायचे. त्यातून १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या २८ शाळांची पहिली स्पर्धा झाली. आज संघ जास्तीत जास्त सात मुलांचा असतो. दरवर्षी पाच दीर्घ समस्या जाहीर होतात: वाहनाची, तांत्रिक, अभिजात साहित्य किंवा कलेवरची, बाल्सा या हलक्या लाकडाच्या सांगाड्याची आणि सादरीकरणाची. संघाने त्यातली एक निवडायची, काही महिने तिच्यावर काम करायचं आणि शेवटी परीक्षकांसमोर आठ मिनिटांत उत्तर मांडायचं. त्याच दिवशी वेगळ्या खोलीत उत्स्फूर्त फेरी होते. तिथला प्रश्न दार बंद झाल्यावरच कळतो.

गुण असे: दीर्घ समस्येला २००, स्टाइलला (म्हणजे पोशाख, देखावा, गाणं अशा सजावटीला) ५०, उत्स्फूर्त फेरीला १००. एकूण ३५०. हे गुण सरळ मिळत नाहीत, प्रमाणात काढतात, आणि हे पालकांना लवकर उमगत नाही. समजा त्या समस्येत, त्या वयोगटात पहिल्या आलेल्या संघाचे कच्चे गुण १६० आहेत आणि आपले १२०. मग त्यांना २०० आणि आपल्याला १५०. उत्स्फूर्त फेरीलाही हाच हिशेब, त्यामुळे तिथे पहिला आलेला संघ पूर्ण १०० घेऊन जातो. सेटवर महिनाभर घाम गाळलेला संघ शेवटी त्या बंद खोलीतल्या काही मिनिटांत हरतो, त्याचं कारण हे.

वयोगटाबद्दल एक सावधगिरी. पहिला गट १ मे रोजी १२ वर्षांच्या आतल्या मुलांचा, दुसरा १५ च्या आतला, तिसरा त्यापुढच्या शाळकरी मुलांचा. संघाचा गट सर्वांत मोठ्या मुलावरून ठरतो. सहा मुलं पाचवीतली आणि एक सातवीतला दांडगा घेतला, तर सगळेच वरच्या गटात. दाखल्यावरची जन्मतारीख बघूनच संघ बांधा. आपल्याकडे ती कागदावर एक आणि घरी दुसरी असते, चालते ती कागदावरची.

आता बाहेरच्या मदतीचा नियम. कल्पना, रेखाटन, कापाकापी, शिवण, रंग, संवाद, सगळं संघातल्या मुलांचंच हवं. मोठ्यांनी कौशल्य शिकवायला हरकत नाही. करवत कशी धरायची, टाका कसा घालायचा, मोटर उलटी कशी फिरवायची, हे दाखवता येतं. पण ‘इथे आडवी पट्टी लाव म्हणजे टिकेल’ असं सांगितलं की ती मदत झाली आणि गुण कापले जातात. मार्गदर्शकाने फक्त प्रश्न विचारायचे. ‘हे कुठून मोडलं? आधी काय वाकलं? वजन कुठल्या बाजूला जास्त होतं?’ इथपर्यंत बरोबर. त्यापुढे तोंड मिटून बसायचं, आणि आपल्याकडच्या सरांना-बाईंना सगळ्यात जड तेच जातं. संघाला बाहेरच्या मदतीचा फॉर्म भरून द्यावा लागतो, पण फॉर्मपेक्षा मुलंच जास्त बोलतात. परीक्षकाने कौतुकाने विचारलं, ‘छान जमलंय, हे कसं कापलं रे?’ की पहिल्या गटातलं पोर अभिमानाने सांगतं, ‘आमच्या पप्पांनी ग्राइंडरने.’ संपलं.

दिवाळीतले किल्ले आठवा. टिळकवाडीपासून येळ्ळूरपर्यंत जे किल्ले बक्षीस घेतात त्यातल्या किती तटबंद्या मुलांनी लिंपलेल्या असतात? शिवजयंतीच्या चित्ररथांची परंपरा बेळगावात आहे, देखाव्याची नजर इथल्या पोरांना जन्मतः असते, पण हात मोठ्यांचे असतात. त्यामुळे संघ बांधताना पालकांची एक बैठक घेऊन हा नियम मराठीत लिहून त्यांच्या हातात द्यावा. ‘मदत करू नका’ एवढं म्हणून भागत नाही. ‘तुम्ही केलेल्या भागाचे गुण मुलांचे जातील’ असं लिहिलं तर लक्षात राहतं.

पाच समस्यांपैकी आपल्या भागातल्या शाळेने पहिल्या वर्षी कोणती घ्यावी? आमचं मत स्पष्ट आहे: सांगाड्याची. कारण तिथे उत्तर मोजता येतं. कुणाचा हात लागला हे लपत नाही, इंग्रजी कमी लागतं आणि भौतिकशास्त्र पुस्तकाबाहेर येतं. फक्त बाल्साच्या काड्या आणि गोंद वापरून एक मनोरा बांधायचा. काडीची जाडी १/८ इंच बाय १/८ इंच, म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. उंची किमान आठ इंच. मधून दोन इंच व्यासाची पोकळी आरपार, कारण चाचणीचा खांब त्यातून जातो. वजनाची मर्यादा वर्षागणिक बदलते, बहुधा १५ किंवा १८ ग्रॅम. त्यावर फळी ठेवून व्यायामशाळेतल्या लोखंडी प्लेटा एकावर एक चढवायच्या. वरच्या पातळीवरचे संघ या पंधरा-अठरा ग्रॅमच्या सांगाड्यावर ४५० किलोच्या पुढे जातात. आपल्या मुलांनी पहिल्या मनोऱ्यावर ५०-६० किलो पेलले तरी हात बसला म्हणायचं.

१५ ग्रॅम म्हणजे किती लाकूड, हे मुलांनाच काढायला लावा. ३६ इंच लांबीच्या एका काडीचं घनफळ साधारण ९.२ घन सेंटिमीटर. बाल्साची घनता काडीगणिक बदलते, हलकी काडी ०.९ ग्रॅमची तर जड काडी १.८ ग्रॅमची निघते. म्हणजे एकाच पाकिटातून कुणाला १६ काड्या वापरता येतील, कुणाला आठच. म्हणून पाकीट उघडल्या उघडल्या प्रत्येक काडी तोलायची आणि तिच्यावर पेन्सिलीने वजन लिहायचं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो, नाहीतर गल्लीतल्या सराफाला विनंती करावी. मग प्रत्येक काडी दोन टोकांना धरून हलकेच वाकवून बघायची. सारख्या वजनाच्या दोन काड्यांतली कमी वाकणारी खांबाला, जास्त वाकणारी आडव्या पट्टीला. काळपट डाग, तिरके रेषे, मऊ जागा दिसली तर ती काडी बाजूला. हे निवडणं कंटाळवाणं असतं आणि मुलं ते टाळतात. पण दोन संघांत फरक पडतो तो बहुतेक इथेच.

मनोरा मोडतो कशाने? लाकूड चुरडून फार क्वचित. मोडतो तो खांब वाकून. उभ्या काडीवर दाब आला की ती बाजूला फुगते, आणि आधाराशिवायची लांबी जितकी जास्त तितकी ती लवकर फुगते. नियम असा की मोकळी लांबी निम्मी केली की काडी चौपट दाब सोसते. आठ इंच खांबाला मध्ये एकच पट्टी लावली तर चार-चार इंच मोकळे राहतात. तीन पट्ट्या लावल्या तर दोन-दोन इंच. पण प्रत्येक पट्टी वजन खाते. ही ओढाताणच या समस्येचा गाभा. पहिल्यांदा करणाऱ्यांनी साधारण दोन तृतीयांश लाकूड उभ्या खांबांत आणि उरलेलं आडव्या-तिरप्या आधारांत घालावं, मग मोडलेले मनोरे बघून प्रमाण बदलावं. नुसत्या आडव्या पट्ट्यांनी चौकट पिळवटते, तिरप्या लावायलाच हव्यात.

दुसरं कारण साधं आहे आणि सगळ्यात जास्त मनोरे तेच घेऊन पडतात: वरची-खालची बाजू सपाट नसणं. चार खांबांपैकी एक अर्धा मिलिमीटर उंच राहिला तर सुरुवातीचं सगळं वजन त्याच्यावर येतं. तो गेला की बाकीचे तीन एका क्षणात जातात. उपाय स्वस्त. काचेच्या तुकड्यावर किंवा गुळगुळीत शहाबादी फरशीवर बारीक पॉलिश पेपर चिकटवायचा आणि मनोरा त्यावर हलक्या हाताने गोल फिरवत दोन्ही टोकं घासायची. काचेवर उभा करून खालून बॅटरीचा उजेड टाकला तर कुठे फट आहे ते लगेच दिसतं.

गोंदाबद्दल. पांढऱ्या फेव्हिकॉलचा सांधा चिवट असतो, पण त्यातलं पाणी बाल्सा पिते आणि वाळायला रात्र जाते. पावसाळ्यात पूर्ण दिवस धरा. फेव्हीक्विक लगेच धरतं, मात्र सांधा ठिसूळ होतो, हलका धक्का बसला तरी तुटतो, शिवाय बोटं चिकटतात आणि वाफ डोळ्यांना लागते. लहान गटाला फेव्हिकॉलच द्यावं. नळी सरळ काडीवर टेकवायची नाही. प्लास्टिकच्या झाकणात थेंब घेऊन टूथपिकच्या टोकाने लावायचा. एका सांध्याला जेमतेम मोहरीएवढा पुरतो. सांध्यातून बाहेर आलेला गोंद काही पेलत नाही, नुसता तोलला जातो. अख्ख्या मनोऱ्यात अर्धा-पाऊण ग्रॅम गोंद सहज वाया जातो, आणि तेवढ्यात एक आणखी खांब बसला असता.

आता जी गोष्ट अमेरिकेच्या नियमपुस्तकात सापडणार नाही आणि बेळगावात हमखास नडते: ओल. बाल्सा हवेतली ओल शोषते. लाकडातली ओल पाच-सहा टक्क्यांनी वाढली की १५ ग्रॅमचा सांगाडा पाऊण ग्रॅमने जड होतो, म्हणजे घरी पास झालेला मनोरा काट्यावर नापास. खानापूर-जांबोटी पट्ट्यात जुलै-ऑगस्टला तर कागदसुद्धा लोळतो. त्यावर उपाय म्हणजे मर्यादा १५ ग्रॅमची असेल तर १४ ग्रॅमच्या वर बांधायचंच नाही. तयार मनोरा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा. बुटांच्या आणि औषधांच्या डब्यांतून निघालेल्या पुड्या शाळेत गोळा करता येतात. चाचणीच्या दिवशी डबा तोलायच्या वेळीच उघडायचा. मुख्य मनोरे बांधायचं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेवर ठेवलं तर निम्मी कटकट वाचते. पावसाळ्यात रेखाटनं, हिशेब आणि सराव.

बाल्सा इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. हे इक्वाडोरकडून येणारं लाकूड, विमानांची मॉडेलं बनवणाऱ्यांच्या ऑनलाइन दुकानांतून मागवावं लागतं. पार्सलमध्ये निम्म्या काड्या मोडून आल्या तर आश्चर्य वाटू देऊ नका. विक्रेत्याला कडक नळीत भरून पाठवायला सांगा. सरावाला मात्र बाल्सा जाळू नये. त्यासाठी बुरुडाकडून बारीक सोललेल्या बांबूच्या काड्या आणाव्यात. फक्त बांबू बाल्साच्या चौपट जड असतो, म्हणून शाळेतल्या शाळेत स्पर्धा घ्यायची तर मर्यादा ६० ग्रॅमची ठेवा, नाहीतर मुलांच्या हाती चार काड्याच उरतील.

चाचणीचं उपकरण उद्यमबागेतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे होतं: जाड पत्र्याचा चौकोनी पाट, मध्ये उभा वेल्ड केलेला गोल पाइप, वर मधोमध भोक पाडलेली जाड प्लायवूडची फळी. पाइप जाडीने निवडताना चूक होते. स्पर्धेतल्या प्लेटांचं भोक दोन इंची, आपल्या तालमी-व्यायामशाळांत एक इंच किंवा जरा मोठ्या भोकाच्या प्लेटा जास्त. ज्या प्लेटा उसन्या मिळणार, त्यांचं भोक आधी मोजा, मग पाइप कापायला सांगा. पाइप ओळंब्यात नसेल तर प्लेट सरकताना मनोऱ्याला कडेने रेटते आणि दोष मुलांच्या बांधणीला लागतो. फळीच्या चार कोपऱ्यांखाली मनोऱ्यापेक्षा दोन इंच बुटके लाकडी ठोकळे ठेवा, म्हणजे मनोरा कोसळला तरी वजन ठोकळ्यांवर थांबेल आणि बोटं वाचतील. डोळ्यांना वेल्डरचा पारदर्शक चष्मा, पायात बंद बूट. चपला घालून आलेल्या मुलाने प्लेटेला हात लावायचा नाही, यावर वाद घालू देऊ नये.

प्लेट ठेवली की ती तीन सेकंद टिकायला लागते, मगच धरतात. आठ मिनिटांत नाटुकलंही करायचं असतं, त्यामुळे वजनांना पाचेक मिनिटं उरतात. दर प्लेटेला बारा ते पंधरा सेकंद धरले तर वीस-पंचवीस प्लेटा. सगळ्या २.५ किलोच्या घेतल्या तर वेळ संपेल आणि मनोरा तसाच उभा राहील. सुरुवातीला दहाच्या, पुढे पाचच्या, शेवटी लहान, असा क्रम ठरवून कागदावर लिहावा. दहा किलोची प्लेट सहावीतल्या मुलाला एकट्याने पाइपवर हळू उतरवता येत नाही, आपटते. दोघांनी समोरासमोर धरून उतरवायची सवय करा. प्लेट आपटल्याचा धक्का तिच्या वजनापेक्षा बराच जास्त लागतो.

स्टाइलच्या ५० गुणांवर आपल्याकडे फार वेळ जातो. पोशाख, पडदा, मुखवटे, गाणं. यात पाच बाबी असतात, प्रत्येकी दहा गुण. दोन बाबी समस्येतच ठरवून दिलेल्या, दोन संघाने निवडायच्या, पाचवी एकूण परिणामाची. नेमकं कशाला गुण द्यायचे हे फॉर्मवर लिहून द्यावं लागतं आणि इथे मोघम लिहिलं की गुण गेले. ‘राजाचा पोशाख’ असं लिहू नका. ‘राजाच्या पोशाखावर मागाच्या रिकाम्या कोनांची केलेली झालर’ असं लिहा, म्हणजे परीक्षक तीच झालर शोधतो. शहापूर-वडगावच्या मागांवरच्या चिंध्या, सुताचे तुकडे, कोन हे या भागाचं फुकटचं भांडार आहे. निपाणीकडे तंबाखूची रिकामी पोती. टाकाऊ वस्तूचं रूप पालटलेलं परीक्षकांना भावतं. फ्लेक्स छापून आणलेला पडदा त्यांच्या मनात काहीच हलवत नाही आणि वर खर्चात धरला जातो.

खर्चाची मर्यादा समस्येप्रमाणे बहुधा १२५ ते १४५ डॉलर, आजच्या हिशेबाने दहा-बारा हजार रुपये. सादरीकरणात जे जे दिसतं त्याची किंमत फॉर्मवर मांडायची. वापरलेल्या वस्तूला मात्र नव्याचा भाव लावायचा नसतो, जुन्या बाजारात जे येईल ते. काही वस्तू यादीतून वगळलेल्या असतात, ती यादी वाचावी. आमच्या मते शाळेतल्या शाळेत स्पर्धा घेताना मर्यादा थेट हजार रुपये ठेवावी. पैसा आखडला की डोकं चालतं, आणि श्रीमंत घरचा संघ व इतर यांच्यातलं अंतरही कमी होतं.

रंगमंच बहुतेक समस्यांत किमान ७ फूट बाय १० फूट धरतात. आठ मिनिटांत सेट लावणंही येतं, हे विसरून मोठमोठे पडदे बांधले जातात. सेट टेम्पोत बसला पाहिजे, वर्गाच्या एकपाखी दारातून आत गेला पाहिजे आणि मुलांनी तो मिनिटभरात उभा केला पाहिजे.

उत्स्फूर्त फेरी हा या स्पर्धेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. प्रश्न तीन तऱ्हांचे: बोलायचे, हाताने करायचे आणि दोन्ही मिसळलेले. बोलायच्या प्रश्नात आधी मिनिटभर विचार, मग दोन-तीन मिनिटं उत्तरं. नेहमीच्या उत्तराला १ गुण, कल्पक उत्तराला ३ किंवा ५. मुलं ओळीने बोलतात आणि आपली पाळी गाळता येत नाही, एक अडला की सगळे अडले. सरावाला एक प्रश्न घेऊ: कोऱ्या पाटीचं चित्र दाखवायचं आणि तिच्यावर काय लिहिलं असेल ते विचारायचं. (बेळगावात पाटी म्हटली की मोठ्यांच्या डोक्यात एकच विषय येतो, भाषेचा. मुलांच्या येत नाही, हेही या खेळाचं सुख.) ‘गाडी लावू नये’, ‘शाळा बंद आहे’, ‘कुत्र्यापासून सावध’ ही एका गुणाची उत्तरं. ‘पाटी रंगवायला दिली आहे’, ‘इथे पाटी लावू नये’, ‘मागे बघा’ ही जास्तीची. चांगला संघ साध्या उत्तराला लाजत नाही. अडलेला मुलगा पटकन एका गुणाचं उत्तर देऊन पाळी पुढे सरकवतो आणि ज्याला सुचलंय त्याच्यापर्यंत वेळ पोचवतो. उत्तरावर हसणं थांबवायला शिकवावं लागतं, कारण हसण्यात सेकंद जातात.

हाताने करायच्या प्रश्नांना खराट्याच्या दहा काड्या, चार जुने कागद, सहा लेबलं आणि मीटरभर सुतळी एवढं साहित्य द्या. पाच मिनिटांत गोटी टिकवणारा जास्तीत जास्त उंच मनोरा मागा. हमखास होणारी चूक अशी की सातही जणांचे हात एकदम साहित्यावर पडतात आणि लेबलं पहिल्या मिनिटात संपतात. कोण बांधणार, कोण मोजणार, वेळेकडे कोण बघणार हे अर्ध्या मिनिटात ठरवणारा संघ पुढे जातो, आणि अशा प्रश्नांत एकत्र काम करण्यालाही बहुतेकदा गुण असतात. आठवड्यातून दोनदा, मधल्या सुट्टीत, दहा मिनिटं. यासाठी ना सदस्यत्व लागतं, ना पैसे. नमुन्याचे प्रश्न संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. ते मराठीत सांगून घ्या.

भाषा ही या स्पर्धेची आपल्यापुरती मोठी त्रुटी. समस्येचे कागद लांबलचक, कलमांमागून कलमं असलेले आणि इंग्रजीत. ‘करावे’ आणि ‘करता येईल’ यातला फरक चुकला तर गुण कापले जातात. मराठी माध्यमाच्या सातवीतल्या मुलाला ते झेपत नाहीत आणि सरांनी समजावून देताना नकळत स्वतःचं उत्तर त्यात मिसळतं. शंका आली तर संस्थेकडे स्पष्टीकरण मागता येतं, ही सोय चांगली आहे. उलट बाजूने, आपल्या भागातला संघ एका बाबतीत वरचढ आहे. मराठी, कन्नड, हिंदी आणि उर्दू सहज कानावर पडलेली मुलं उत्स्फूर्त फेरीत एका वस्तूकडे तीन-चार बाजूंनी बघतात. संघ मिसळलेला ठेवा.

पटसंख्या घसरलेल्या शाळांना हा प्रकार विशेष सोयीचा. क्रिकेटला अकरा मुलं जमत नाहीत तिथे सात जमतात, तीही वेगवेगळ्या इयत्तांतली चालतात. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी वेगळा प्राथमिक गट आहे, त्यात स्पर्धा नसते, नुसतं सादरीकरण. एका शाळेच्या एका सदस्यत्वावर प्रत्येक समस्येला प्रत्येक गटातून एक संघ उतरवता येतो, तेव्हा दोन लहान शाळांनी मिळून संघ बांधायचा तर सदस्यत्वाआधी नियम नीट विचारून घ्यावेत.

जागतिक अंतिम फेरीबद्दल थोडक्यात: ती मे महिन्यात अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या आवारात भरते. सात मुलं आणि सोबतचे मोठे, विमान, व्हिसा, राहणं, असा खर्च कित्येक लाखांत जातो. वर्गणी काढून एक संघ पाठवण्यापेक्षा त्याच पैशात तालुक्यातल्या पंचवीस-तीस शाळांत काटे, बाल्सा आणि चाचणीचे पाट देता येतात. आमचा कौल दुसऱ्या बाजूला. तिथल्या रानात्रा फुस्का पुरस्काराची कल्पना मात्र उचलावी. पाण्यातल्या एका किड्याच्या नावाचा हा पुरस्कार क्रमांक न बघता असामान्य कल्पकतेला देतात. आपल्या गावच्या स्पर्धेत पहिल्या क्रमांकाइतकंच मोठं असं एक बक्षीस मोडलेल्या पण धाडसी मनोऱ्याला ठेवा.

डेस्टिनेशन इमॅजिनेशन हा याच कुळातला दुसरा पर्याय, १९९९ मध्ये ओडिसीपासून वेगळा झालेला. तिथेही सात मुलांपर्यंतचा संघ, आठ मिनिटं आणि आयत्या वेळचं आव्हान. स्टाइलऐवजी संघाच्या आवडीचे दोन घटक असतात, तेवढा भाग जास्त मोकळा. त्यातली तात्काळ अभिनयाची समस्या साहित्य जवळजवळ मागत नाही. जिथे करवत-काटा आणायचीही अडचण, अशा खानापूरच्या दुर्गम वाड्यांतल्या शाळांना ती आम्ही आधी सुचवू. समाजसेवेची समस्याही चांगली, पण तिचं फोटो काढण्यापुरतं श्रमदान व्हायला वेळ लागत नाही.

वेळापत्रक आपलं आपण आखावं लागतं, कारण तिकडच्या फेऱ्या फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होतात आणि आपल्याकडे तेव्हा वार्षिक परीक्षा डोक्यावर असते. दहावीची मुलं घेऊच नयेत. जूनमध्ये संघ आणि पालकांची बैठक. पावसाळाभर उत्स्फूर्त सराव आणि बांबूचे मनोरे. दसऱ्याच्या सुट्टीआधी बाल्साची ऑर्डर. दिवाळीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रत्येक संघाचे किमान पाच-सहा मनोरे मोडून झाले पाहिजेत, प्रत्येकाचं वजन, पेललेले किलो आणि मोडलेली जागा वहीत लिहून. मोडलेले तुकडे फेकायचे नाहीत, नावाच्या पिशवीत ठेवायचे. स्नेहसंमेलनासाठी केलेला सेटच स्टाइलला वापरता येतो, फक्त तो मुलांनी केलेला हवा. शाळाशाळांतली स्पर्धा जानेवारीत उरकावी. परीक्षक दुसऱ्या तालुक्यातून बोलवा, बेळगावच्या संघांना चिकोडी-अथणीकडचे आणि उलट. आणि परीक्षकांच्या टेबलावर तोलायचा काटा मांडाल तेव्हा त्यावरचा पंखा बंद ठेवा. ०.०१ ग्रॅमच्या काट्याचा आकडा वाऱ्याने हलतो आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.